टिल्लीला आंघोळ कोण घालणार

११ जानेवारी

टिल्लीची नाळ परवा गळून पडली. आज बेंबी कोरडी खडखडीत दिसली, म्हणजे ओल्या फडक्याने पुसायचे दिवस संपले. आज पहिली खरी आंघोळ, टबातली.

टब बाथरूमच्या फरशीवर ठेवला. आधी गार पाणी, मग त्यात गरम, असं करत कोमट केलं. टॉवेल, झबलं, डायपर सगळं हाताशी मांडलं आणि कंट्रोलला हाक मारली. ती पलंगाच्या कडेवर टिल्लीला घेऊन बसली होती. उठेचना.

"तू घाल," म्हणाली. "पहिली आंघोळ बापाने घालायची असते."

"असं कुठे असतं?"

"आपल्या घरात असतं. आजपासून."

मला काय, मी खूश. (टिल्ली मोठी होऊन हे कधी वाचेल, तर तिच्यासाठी: कंट्रोल म्हणजे तुझी आई. ती अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. पलीकडे माणसं किंचाळत असतात आणि ही भाजीवाल्याशी बोलावं इतक्या थंडपणे त्यांना पत्ता विचारते. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. औषधांचे खोके, साबणाची वेष्टणं, तेलाच्या बाटल्यांची लेबलं. म्हणून ती मला 'काना-मात्रा' म्हणते.)

टिल्ली रडली नाही. मुठी आवळून छताकडे बघत राहिली. चेहरा असा की हिला न विचारता कुणी घर बदललंय. मी दोनदा ओरडलो, "अगं, बघ तरी कशी बघते!" तर बाहेरून उत्तर आलं, "तू तिच्याकडे बघ. माझ्याशी बोलू नकोस."

जरा जोरातच बोलली. थकली असेल. बाळंतपण म्हणजे काही खायचं काम नाही.

१६ जानेवारी

बाळांच्या वस्तूंच्या दुकानात गेलो होतो. भिंतभर बाटल्या. दुकानातली मुलगी हसतमुख. एक निळी बाटली पुढे करून म्हणाली, "सर, हे घ्या. याने बाळ शांत झोपतं."

"आणि ही पिवळी?"

"यानेही शांत झोपतं. पण याला फुलांचा वास आहे."

हसू दाबलं. गेल्या वर्षी बाळांच्या एका शाम्पूच्या खोक्याचं मुद्रित माझ्याकडे होतं. त्यांच्या माणसाने तीन वेळा फोन करून 'सौम्य' हा शब्द मोठा करून घेतला. शेवटी तो बाळाच्या चित्राहून मोठा झाला. आतला शाम्पू होता तोच राहिला. हे सगळं माहीत असून मी चार बाटल्या, एक तेल, एक पावडर आणि माशाच्या आकाराचं थर्मामीटर घेऊन आलो.

कंट्रोलने एकेक बाटली उघडून वास घेतला. "हिला एवढं लागतं कशाला? ही काय कोळशाच्या खाणीत कामाला जाते?" पावडर तिने सरळ कचऱ्यात टाकली, नाकातोंडात जाते म्हणून. तेलाची बाटली बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

"आंघोळीआधी तेल नको लावूस तिला," म्हणाली. "हातातून निसटते."

"तू कुठे घातलीस आंघोळ? तुला काय माहीत?"

"निसटत असेल ना. म्हणून म्हटलं."

२४ जानेवारी

टिल्लीच्या मानेवर आणि गुडघ्यामागे लाल पुरळ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरकडे नेलं. बाळाची डॉक्टर वयाने मोठी आहे, बोलणं तुटक, हात मात्र फार मऊ. बाटल्यांचे फोटो दाखवले तर म्हणाली, "वासाचं सगळं बंद. साधं, बिनवासाचं काहीतरी एक ठेवा, तेही बोटभर. बाकी नुसतं पाणी. आणि रोज आंघोळ लागत नाही एवढ्या बाळाला. आठवड्यातून दोनतीनदा पुरे. मधल्या दिवशी तोंड, मान, ढुंगण पुसून घ्या."

हे ऐकून कंट्रोलचा चेहरा जो काही उजळला! "दोनदा चालेल? खरंच? एकदा?"

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. "तुम्ही कशा आहात? झोप लागते?"

"उत्तम," कंट्रोल म्हणाली, तिच्या फोनवरच्या आवाजात.

मी म्हटलं, "डॉक्टर, ही कायम शांतच असते. तिचं कामच आहे ते." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली.

कंट्रोल एवढी खूश का झाली हे वाटेत कळलं. टिल्लीला कमी त्रास होईल म्हणून. आईचं काळीज!

५ फेब्रुवारी

आई चार दिवसांसाठी आली आहे. आल्या आल्या तिने माशाचं थर्मामीटर उचललं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "याला खायला काय घालता?" मग कोपर पाण्यात बुडवून, "गरम आहे. अजून गार घाल." थर्मामीटर बघितलं तर आईचं बरोबर. पण मासाही तेच सांगत होता, मीच बघितलं नव्हतं.

आंघोळीनंतर टिल्लीला पुसत असताना तिने विचारलं, "तुझी बायको आंघोळीच्या वेळी कुठे असते रे?"

"दाराबाहेर. उभी असते."

"रोज?"

"आंघोळ असेल त्या दिवशी."

"मग आत का येत नाही?"

"आई, हे बाथरूम आहे की काडेपेटी? तिघं मावतील का?"

दुपारी दोघी बेडरूममध्ये दार लावून बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल. आई म्हणाली, कांदा चिरत होतो. बेडरूममध्ये?

८ फेब्रुवारी

आई आज गेली. बस यायला वेळ होता. थांब्यावर म्हणाली, "तिला काहीतरी होतंय. काय ते मला सांगत नाही. सासूला कोण सांगतं? तू विचार."

विचारलं. "काही होतंय का तुला?"

"काही नाही रे."

विचारून झालं. मला वाटतं तिला ऑफिसची आठवण येते. एवढी कामाची बाई, दिवसभर घरात झबली वाळत घालत बसायचं म्हणजे जीव उबगणारच.

२० फेब्रुवारी

छापखान्यात पुन्हा रुजू झालो त्याला आता आठवडा झाला. ठरलं होतं की मी गेल्यावर सकाळची आंघोळ कंट्रोलने घालायची. पण तिने आंघोळ संध्याकाळवर ढकलली, मी घरी आल्यावर. म्हणते, संध्याकाळी न्हाऊ घातलं की बाळ छान झोपतं. त्या निळ्या बाटलीचं म्हणणंही हेच होतं.

घर मात्र लख्ख ठेवते. आज आलो तर बाथरूममधल्या दोन्ही बादल्या पालथ्या, टब बाल्कनीत भिंतीला उभा केलेला, तांब्यासुद्धा कोरडा. स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही थेंब नाही. मी म्हटलं, "पाणी गेलं होतं की काय?"

"नाही. मीच ओतून टाकलं."

"का?"

"साठवून ठेवायचं कशाला?"

हात धुवायला नळ सोडला तर पाणी येईना. तिने सिंकखालचा मुख्य कॉकच बंद केला होता. इतकी काटकसर मी आमच्या मालकांतही पाहिली नाही.

३ मार्च

आज एक शहाणपणाची खरेदी केली. बाथ सीट. उताराची प्लास्टिकची बैठक असते, बाळ त्यात रेलून पडतं. खाली रबराच्या चार वाट्या, दाबल्या की टबाच्या तळाला घट्ट चिकटतात. खोक्यावरच्या चित्रात आई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतेय आणि बाळ खिदळतंय. माझं म्हणणं असं की आतापर्यंत माझा डावा हात कायम टिल्लीच्या मानेखाली अडकलेला असतो. हे आलं की दोन्ही हात मोकळे. मग कंट्रोललाही एकटीला जमेल.

तिला दाखवलं. तिने हातसुद्धा लावला नाही.

"परत देऊन ये."

"अगं, बघ तरी आधी."

"काना-मात्रा, कामावर मला बाळ पाण्यात गेल्याचे फोन येतात. सगळे एकच सांगतात. एक मिनिटच गेले होते. टॉवेल आणायला. दार उघडायला. एकच मिनिट."

"पण मी कुठे जाणार आहे? मी तिथेच असणार ना?"

"तेही तिथेच असतात," ती म्हणाली.

कामावरचं ओझं घरी आणायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती उठून गेली. सीट कपाटावर ठेवली. परत करणार नाही.

९ मार्च

सीट वापरली. झकास. टिल्ली महाराणीसारखी रेलून पाय झाडत होती.

कंट्रोल आज बाहेर नव्हती, चक्क दारात उभी होती. चौकट दोन्ही हातांनी धरून. प्रगतीच म्हणायची. मी म्हटलं, "शनिवारी तू घालशील का? मी बाजूला बसतो." म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'चा अर्थ नाही असाच असतो, पण तोंडाने नाही म्हणाली नाही.

१५ मार्च

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

काल संध्याकाळी टिल्लीला सीटवर ठेवलं. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त होतं, कारण सीटमुळे ती उंच राहते आणि पाठीला गार लागतं असं मला वाटायचं. अंगाला साबण लावून झाला होता. बाटली ओल्या हातातून सुटली आणि गडगडत बेसिनखाली गेली. मी वळलो. गुडघ्यांवर वाकलो. हात लांब करून बाटली ओढली. टिल्लीकडे माझी पाठ होती.

आवाज झाला नाही. हेच मला अजून उमगत नाही. मला वाटायचं पाण्यात काही झालं तर धडपड होईल, पाणी उसळेल, निदान डुबुक असं काहीतरी होईल. काही नाही. बाथरूम तसंच शांत होतं. माझ्या खांद्याला जोराचा धक्का बसला आणि कंट्रोल मला ओलांडून आत आली.

सीट आडवी झाली होती. एका बाजूच्या वाट्या सुटल्या होत्या. टिल्ली कुशीवर, तोंड पाण्याखाली, डोळे उघडे.

कंट्रोलने तिला उचललं. टिल्लीचं अंग सैल होतं. मी बाटली हातात धरून बसलो होतो. कंट्रोलने तिला फरशीवरच्या टॉवेलवर आडवं केलं, बोटाने तोंड पुसलं, छातीकडे बघितलं. तेवढ्यात टिल्ली खोकली. पाणी आलं, दूध आलं. आणि मग ती रडली. आयुष्यात एवढा गोड आवाज मी ऐकला नाही.

"फोन लाव," कंट्रोल म्हणाली. तोच आवाज. भाजीवाल्याशी बोलावं तसा. "स्पीकरवर टाक. मी सांगते."

माझ्या बोटांना आकडे सापडेनात. शेवटी लागला. पलीकडे तिचीच मैत्रीण होती. कंट्रोलने वय, काय झालं, किती वेळ, श्वास कसा आहे, रंग कसा आहे, सगळं ओळीने सांगितलं. मग पत्ता सांगितला. पत्ता ऐकून पलीकडची बाई म्हणाली, "अगं, तू आहेस?"

"हो. गाडी पाठव."

दवाखान्यात रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. छातीचा फोटो काढला. आज सकाळी सोडलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत. ताप नाही. दूध पिते आहे. आता माझ्या मांडीवर झोपली आहे आणि मी तिचं पोट वर-खाली होताना बघतोय.

त्या फोननंतर कंट्रोल माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सीट हातोडीने फोडली. नुसती टाकली असती तर कुणीतरी उचलून नेली असती.

१६ मार्च

आज बोलली. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभी होती. टिल्ली तिथेच चटईवर पडलेली.

मी म्हटलं, "तू नसतीस तर..."

"मी होते, कारण मी रोज तेच बघते," ती म्हणाली. "तू पहिली आंघोळ घातलीस ना, त्याच्या आधीपासून. नळाखालची बादली दिसली की मला ती त्यात दिसते. टब दिसला की दिसते. डोळे मिटले तरी दिसते. म्हणून मी बादल्या पालथ्या घालायचे. म्हणून कॉक बंद करायचे."

"तू मला सांगितलं का नाहीस? अपघाताची भीती सगळ्यांनाच..."

"अपघाताची नाही." ओट्याची कड घासत राहिली. "मला माझा हात दिसतो. माझाच हात, तिच्या छातीवर. दाबतोय. मला तसं करायचं नाहीये. मला त्याची किळस येते. तरी दिसतं. म्हणून तिला कधी पाण्यात घेतलं नाही. मला वाटायचं, माझ्यापासून तिला लांब ठेवलं की झालं. तुझ्याजवळ ती सुरक्षित आहे."

इथे मी जे केलं ते लिहायला हवं. मी खाली वाकलो आणि टिल्लीला उचलून छातीशी धरलं. विचार करून नाही. हात आपोआप गेले. आणि वर बघितलं तर कंट्रोलने ते पाहिलं होतं.

ती रडली नाही. तिने फक्त हात पाठीमागे नेले. जसे काही ते चोरीचे होते.

मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. दिवसभर इतरांच्या चुका काढतो मी, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. टिल्लीला घेऊन मी हॉलमध्ये गेलो. ती स्वयंपाकघरातच उभी राहिली.

आता वाटतं, परत आत जायला मला किती वेळ लागला! गेलो तेव्हा ती भांडी घासत होती, बारीक धारेखाली. मी टिल्लीला तिच्याकडे दिलं. तिचे हात ओले होते. तिने ते झग्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग टिल्लीला घेतलं.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"ते तिला माझ्याकडून काढून घेतील."

"मी बरोबर आहे."

माझ्या या वाक्याला आता किती वजन उरलंय, कुणास ठाऊक.

१७ मार्च

डॉक्टरने आधी टिल्लीला तपासलं. मग मला बाहेर जायला सांगितलं. बराच वेळ दोघी आत होत्या. बोलावलं तेव्हा कंट्रोलच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि तो ती पीत होती.

डॉक्टर म्हणाली, "असे विचार बाळंतिणींना येतात. तुम्हाला वाटतं त्याहून पुष्कळ जणींना येतात. कुणाला जिन्यावरून बाळ पडताना दिसतं, कुणाला सुरी दिसते. बोलत कुणी नाही. ही त्या विचारांना घाबरते, त्यांच्यापासून पळते. हिच्या मनात बाळाला इजा करायची इच्छा नाही, उलट आहे. हा आजार आहे आणि याला उपचार आहे. मी एका मानसोपचार डॉक्टरांना चिठ्ठी देते. आजच फोन करते."

मी विचारलं, त्या फोनमुळे झालं का? कंट्रोल रूममधल्या?

"असेलही. नसेलही. ज्यांनी आयुष्यात असा फोन घेतला नाही त्यांनाही होतं."

मग मी तो प्रश्न विचारला. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारला. बाळ तिच्याजवळ सुरक्षित आहे ना?

डॉक्टरने चष्मा काढला. "हो. मी नीट विचारून घेतलंय. इतके आठवडे ही बाळाला पाण्यापासून लांब ठेवत होती. आणि जवळ राहून बघतही होती."

बाळाजवळ त्या दिवशी कोण होतं आणि कुणाची पाठ होती, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

निघताना डॉक्टरने आंघोळीचं सगळं मला पहिल्यापासून सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. बाळ टबात ठेवायच्या आधी पाणी भरायचं आणि बघायचं, नंतर भरायचं नाही. दोन बोटांहून खोल नको. एक हात कायम बाळावर. दार वाजलं तर वाजू द्यायचं. जायचंच असेल तर बाळाला उचलून, टॉवेलात गुंडाळून न्यायचं. सीट, रिंग, उशी, कशाच्याही भरवशावर सोडायचं नाही. त्या वस्तू हातांना मदत करायला असतात, हातांच्या जागी नसतात. आंघोळ झाली की टब लगेच रिकामा.

"बाटली पडली तर?" मी विचारलं.

"पडू दे," कंट्रोल म्हणाली. तीन दिवसांत तिने माझ्याकडे बघून बोललेले पहिले शब्द.

२ एप्रिल

आंघोळ मी घालतो. डावा हात मानेखाली, अडकलेला. अडकलेलाच बरा. कंट्रोल स्टुलावर बसते. सुरुवातीला तिची नजर माझ्या पाठीवर जळायची. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि माझा तिच्यावर आहे की नाही हे मला रोज तपासून बघावं लागतं. कधी असतो. कधी तिने टिल्लीला घेतलं की मी काहीतरी निमित्त काढून खोकत त्या खोलीत जातो. तिला कळतं. एकदा फक्त म्हणाली, "कानशिलावर बंदूक घेऊन उभा राहिलास तरी चालेल. पण खोकत येऊ नकोस, ती दचकते."

आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

गोळ्या सुरू आहेत. आठवड्याला एकदा ती मानसोपचार डॉक्टरांकडे जाते. या आठवड्याचा अभ्यास: बादलीभर पाणी घरात ठेवायचं. ओतायचं नाही. तिने ते हॉलच्या मधोमध ठेवलं आणि टिल्लीला मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसली. मी ऑफिसला गेलो. जाताना जिन्यात थांबलो, परत वर जावंसं वाटलं. गेलो नाही.

११ एप्रिल

छापखान्यात बाळाच्या टबाचा खोका तपासायला आला. चित्रात बाळ पाण्यात आणि आई कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. इशारा तळाला, मुंगीच्या अक्षरात. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती. मी समासात लिहिलं: आई बाळाकडे बघत नाही. इशारा दिसत नाही.

मालकांनी बोलावलं. "तुझं काम शुद्धलेखन बघायचं."

"ही चूकच आहे."

"चित्र त्यांनी दिलंय. आपण कोण?"

मी त्यांना १४ मार्चचं सांगितलं. आत्तापर्यंत तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांनी खोका उचलला, तळ बघितला, आणि गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. चित्र बदललं नाही. इशारा मात्र तळावरून पुढच्या बाजूला आला, थोड्या मोठ्या अक्षरात.

२६ एप्रिल

टिल्लीचे पाय आज कंट्रोलने परातीत बुडवले. फक्त पाय. तिला घाम फुटला होता. टिल्लीने पाणी उडवलं, तेव्हा दचकून तिने तिला वर उचललं आणि कितीतरी वेळ तशीच धरून बसली. मग पुन्हा बुडवले.

ही वही टिल्लीने कधी वाचावी का, हे आता मला ठरवता येत नाही. ते तिच्या आईला ठरवू दे.

१७ मे

आज रविवार. सकाळी कंट्रोल म्हणाली, "आज मी घालते."

टब मी आणून देऊ लागलो तर म्हणाली, राहू दे. तिनेच आणला. पाणी भरलं, कोपराने बघितलं, थोडं गार ओतलं, पुन्हा बघितलं. बिनवासाची बाटली उघडून झाकण बाजूला ठेवलं. टॉवेल पसरला. मला म्हणाली, "तू इथे बस. बोलू नकोस. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

मी भिंतीला टेकून फरशीवर बसलो. हात मांडीखाली घेतले, कारण ते माझं ऐकतील याची मला खात्री नव्हती.

तिने टिल्लीला पाण्यात उतरवलं. आधी पाय, मग बूड, मग पाठ. डावा हात मानेखालून नेऊन तिने टिल्लीचा पलीकडचा दंड पकडला. टिल्ली हसली. आता तिला हसता येतं. कंट्रोलने तिचं पोट धुतलं, काखा धुतल्या, बोटांच्या बेचक्यातला लोकरीचा धागा काढला. मला वाटलं, झालं. जमलं.

आणि तिचा हात थांबला. उजवा तळवा टिल्लीच्या छातीवर होता. कंट्रोलचा चेहरा पांढरा पडला.

"आला," ती म्हणाली.

काय आला ते मला विचारावं लागलं नाही. उठावं, टिल्लीला काढून घ्यावं, असं अंगातला कण न् कण ओरडत होता. मी हातांवर जास्तच जोर देऊन बसलो. टिल्ली दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"आहे अजून," कंट्रोल म्हणाली. तिचा आवाज फोनवरचा नव्हता. थरथरत होता. मी हा आवाज कधी ऐकला नव्हता. "आहे. असू दे."

तिने हात उचलला नाही. तळव्याखाली टिल्लीची छाती वर-खाली होत होती. मग तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि टिल्लीच्या खांद्यावरून सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं.

"गेला का?" मला राहवलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "गप्प बस. मानेच्या वळ्या राहिल्यात अजून." आणि टिल्लीची हनुवटी बोटाने वर करून तिने एकेक वळी सावकाश धुतली.